लाकडाच्या करवतीने पातळ, मऊ पत्रा कसा कापावा

पत्रा कापायला कात्री असताना करवत कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. कात्री पत्रा कापते, पण कापता कापता त्याला वळवतेही. दीड मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमची अर्धा मीटर लांब पट्टी हातकात्रीने कापली तर ती पिळवटून निघते, कडेवर कात्रीच्या प्रत्येक चाव्याची खूण उमटते आणि पट्टी ठोकून सपाट करण्यात कापण्याच्या दुप्पट वेळ जातो. हॅक्सॉने, म्हणजे धातू कापायच्या चौकटीच्या हातकरवतीने, कड सरळ येते, पण तिची चौकट आड येते. पत्र्याच्या कडेपासून नऊ-दहा सेंटिमीटर आत गेलं की चौकट पत्र्यावर टेकते आणि काप तिथेच थांबतो. सुतारकामाच्या बहुतेक करवतींना अशी चौकट नसते. योग्य पातं आणि योग्य आधार दिला तर त्या मऊ धातूचा पत्रा सरळ, सपाट आणि जवळजवळ तयार कडेसह कापून देतात.

हे जमतं की नाही ते बहुतांशी आधारावर ठरतं. लाकडाच्या करवतीने पत्रा कापताना बहुतेक चुका धातू कठीण म्हणून होत नाहीत, पत्रा पातळ म्हणून होतात. तो थरथरतो, उचलला जातो, फटीत घुसतो, दातात अडकतो. म्हणून पुढच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेचा रोख एकच आहे: दातांना पातळ पत्रा जाड वाटला पाहिजे.

आधी धातू ओळखा

चालणारे धातू तीन: अ‍ॅल्युमिनियम, पितळ आणि तांबं. लोखंड, पोलाद, जस्त चढवलेला (गॅल्व्हनाइझ्ड) पत्रा, टिनचा पत्रा आणि स्टेनलेस स्टील यांतलं काहीही लाकडाच्या यंत्रकरवतीखाली घालू नका. कारण वेगात आहे. 254 मिमी म्हणजे 10 इंची पातं मिनिटाला 4000 फेरे घेतं तेव्हा त्याच्या दातांचा वेग मिनिटाला सुमारे 3200 मीटर असतो. साध्या पोलादासाठी हाय-स्पीड स्टीलच्या (हत्यारांच्या कठीण पोलादाच्या) हत्याराचा योग्य वेग मिनिटाला 30 मीटरच्या आसपास, म्हणजे इथे शंभरपट फरक पडतो. त्या वेगाला पोलादावर दात जळतात, दातांवरची कार्बाइडची (पोलादाहून कठीण पदार्थाची) टोकं उडतात आणि ठिणग्या यंत्राच्या पोटातल्या लाकडाच्या भुशात पडतात. अ‍ॅल्युमिनियमला कार्बाइडच्या दाताने हा वेग मानवतो. पितळ आणि तांब्याला तो जास्तच आहे. पातळ पत्रा निभावून जातो, पण पातं लवकर बोथट होतं. तांबं-पितळाचं काम बरंच असेल तर बँड सॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या पात्याची करवत) किंवा हातकरवत बरी.

ओळख पटवायला आधी चुंबक लावा. चिकटला तर काम थांबवा. नाही चिकटला तरी लगेच खात्री धरू नका, कारण स्वयंपाकघरातल्या भांड्यांचं नेहमीचं 304 जातीचं स्टेनलेस स्टीलही चुंबकाला धरत नाही. तिथे वजन कामी येतं. अ‍ॅल्युमिनियमची घनता 2.7, स्टेनलेस स्टीलची 8 च्या आसपास. त्याच मापाचा तुकडा जवळजवळ तिप्पट जड लागला तर तो अ‍ॅल्युमिनियम नाही. तरीही शंका उरली तर कोपऱ्यावर कानस फिरवा. मऊ धातूत कानस सहज चावते, स्टेनलेसमध्ये तितकी सहज चावत नाही.

दोन गोष्टी पूर्णपणे वर्ज्य. मॅग्नेशियम रंगाने आणि वजनाने अ‍ॅल्युमिनियमसारखं, किंबहुना त्याहून हलकं असतं आणि त्याचा कीस पेट घेतो. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर आग भडकते. दुसरं म्हणजे बेरिलियम मिसळलेलं तांबं. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. कुठून आलं हे माहीत नसलेलं भंगार यंत्रावर घेऊ नये, ते याच दोघांमुळे.

अ‍ॅल्युमिनियममध्येही जातीजातीचा फरक आहे. 6061-टी6 सारखी कडक जात खुसखुशीत कापली जाते, कीस सुटा पडतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या जवळची 1100 किंवा 3003 ही जात मऊ आणि चिकट असते, दातांवर लेप धरते. नवख्यांना वाटतं मऊ म्हणजे सोपं. करवतीखाली नेमकं उलटं घडतं: थोडा कडक पत्रा जास्त शहाण्यासारखा वागतो. शुद्ध तांबं तर सर्वांत चिकट.

पातळपणाचं गणित

करवतीचा जुना नियम असा की कापाच्या जाडीत एका वेळी किमान दोन-तीन दात असावेत. एकच दात असेल तर पत्र्याची कड दोन दातांच्या मधल्या खाचेत पडते, पुढचा दात तिला कापण्याऐवजी आकडीसारखा ओढतो, आणि मग पत्रा वाकतो किंवा दात तुटतो. एक मिलिमीटर पत्र्यात तीन दात बसवायचे तर इंचाला 75 दातांचं पातं लागेल. असं पातं सोनाराच्या करवतीत जेमतेम मिळतं, सुताराच्या नाही.

चकतीच्या पात्याचा हिशेब तर आणखी बोलका आहे. 10 इंची, 80 दातांच्या पात्यावर दोन दातांमधलं अंतर सुमारे 10 मिमी असतं. दीड मिलिमीटर पत्रा नुसता टेबलावर ठेवून, पातं पत्र्याच्या 6 मिमी वर काढलं, तर दाताचा पत्र्यातला प्रवास साडेचार मिलिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ एकही दात पत्र्यात नसतो, आणि मग एकदम एक येऊन आदळतो. कर्कश थडथड ऐकू येते ती याची. आता तोच पत्रा खाली 6 मिमी आणि वर 4 मिमी प्लायवूडच्या मध्ये दाबा आणि पातं पुन्हा वरच्या पृष्ठभागापासून 6 मिमी काढा. दाताचा प्रवास 28 मिमीपर्यंत जातो, एका वेळी जवळजवळ तीन दात कामात राहतात, आणि पत्र्याला वर किंवा खाली हलायला जागाच उरत नाही. पातं मुख्यतः लाकूड कापतं, पत्रा त्याच्यासोबत कापला जातो. प्लायवूड-पत्रा-प्लायवूड अशा या रचनेला पुढे 'सँडविच' म्हटलं आहे.

पातं कोणतं

चकतीच्या करवतीसाठी कार्बाइडच्या टोकांचं, नॉन-फेरस (लोखंड नसलेल्या) धातूंसाठी बनवलेलं पातं घ्या. त्यावर तीन गोष्टी पाहायच्या:

- दातांची घडण 'ट्रिपल चिप' हवी, म्हणजे एक दात कोपरे छाटलेला आणि पुढचा सपाट, असा आळीपाळीचा क्रम. लाकडाच्या आडकापाच्या पात्यावर टोकदार, आलटून पालटून तिरके दात असतात. धातूत त्यांची टोकंच आधी झडतात.
- दाताचा पुढचा कल, म्हणजे हुक अँगल, शून्य किंवा उणे 5-6 अंशांचा असावा. लाकूड उभं चिरायच्या पात्याचा कल अधिक 20 अंशांपर्यंत असतो. तो पत्र्याला स्वतःकडे खेचतो. पितळ तर अशा दाताला हमखास 'धरतं'.
- 10 इंची पात्याला 80 दात, 7¼ इंचीला 56-60.

नेहमीचं 60-80 दातांचं, कमी कलाचं प्लायवूडचं पातं असेल आणि दोन-तीनच काप घ्यायचे असतील, तर सँडविचमध्ये तेही चालतं. त्यानंतर तेच पातं चांगल्या लाकडावर पूर्वीसारखी सफाई देईल ही अपेक्षा सोडून द्यावी. धातूचं पातं वेगळं ठेवणं हाच शहाणपणा.

टोकावर कार्बाइड नसलेली जुनी पोलादी पाती या कामाला वापरू नका. एक तरी टोक तुटलेलं किंवा तडकलेलं पातंही नको. पातं बसवण्यापूर्वी प्रत्येक दातावरून नजर फिरवायला दोन मिनिटं लागतात.

सँडविच तयार करणं

यात घाई करू नका. काप कसा येणार ते इथेच ठरतं.

1. खालचा थर 6 मिमी प्लायवूड, वरचा 3-4 मिमी प्लायवूड किंवा हार्डबोर्ड. दोन्ही पत्र्यापेक्षा चारही बाजूंनी 30-40 मिमी मोठे. वाकडं प्लायवूड चालणार नाही. त्यात पोकळी राहिली की पत्रा तिथेच थरथरतो आणि तिथेच काटे, म्हणजे कापलेल्या कडेवर उभे राहणारे टोकदार कंगोरे, धरतो.

2. पत्र्यावर कंपनीचं संरक्षक प्लास्टिक असेल तर ते राहू द्या. नसेल तर कापाच्या रेषेवर दोन्ही बाजूंनी रुंद मास्किंग टेप लावा. ओरखडे वाचतात आणि बारीक पत्र्याच्या कडेचे काटेही थोडे कमी होतात.

3. आखणी करताना चिरीची, म्हणजे पातं खाऊन टाकतं त्या पट्टीची, जाडी वजा करायला विसरू नका. साध्या 10 इंची पात्याची चीर 3.2 मिमी, पातळ पात्याची 2.4 मिमीच्या आसपास असते. पाच पट्ट्या काढायच्या तर चार चिरींत सुमारे 13 मिमी पत्रा जातो. आखायला बारीक टोकाचं पेन किंवा टोकदार आखणी सुई घ्या. जिथून पत्रा पुढे वाकवायचा आहे तिथे मात्र सुई नको. सुईच्या ओरखड्यावरून अ‍ॅल्युमिनियम वाकवताना तडकतं.

4. पत्र्याची एक सरळ कड खालच्या प्लायवूडच्या सरळ कडेशी गुण्या लावून समांतर बसवा. वरचा थर आला की पत्रा दिसणार नाही, त्यामुळे ही समांतरता आणि वरच्या थरावर पुन्हा काढलेली कापाची रेष यांवरच सगळी भिस्त असते.

5. पत्रा खालच्या थराला दुहेरी चिकट टेपने चिकटवा. टेपच्या पट्ट्या कापाच्या रेषेपासून किमान 20 मिमी दूर, आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना. नुसत्या एका बाजूला लावली तर काप संपता संपता सुटा तुकडा निसटतो. टेपचा डिंक दातावर आला तर तो पातं चिकट करतो, म्हणून ती थेट रेषेवर नको.

6. वरचा थर ठेवून पत्र्याच्या बाहेरच्या लाकडात दर 150 मिमीवर स्क्रू मारा. स्क्रू पात्याच्या वाटेत येत नाहीत ना, हे दोन्ही टोकांना मोजून बघा. पत्रा रुंद असेल आणि स्क्रू मधोमध पोचत नसतील तर वरच्या थरालाही टेप लावा.

एकाच मापाचे अनेक तुकडे हवे असतील तर तीन-चार पत्रे एकावर एक ठेवून एकाच सँडविचमध्ये कापता येतात. धातूची एकूण जाडी 5-6 मिमीच्या आत ठेवा आणि प्रत्येक दोन पत्र्यांमध्ये टेपचा तुकडा द्या, नाहीतर मधला पत्रा सरकतो. अशा गठ्ठ्यात मधल्या पत्र्यांच्या कडा सर्वांत स्वच्छ निघतात. त्यामुळे सर्वांत वर आणि सर्वांत खाली टाकाऊ पत्रा ठेवण्याची युक्ती वेळ वाया घालवत नाही.

टेबल सॉवर कापताना

टेबल सॉ म्हणजे टेबलाच्या फटीतून चकतीचं पातं वर येणारी करवत. सुरू करण्यापूर्वी यंत्रात चार बदल करावे लागतात. सगळ्यात महत्त्वाचा बदल फेन्सचा, म्हणजे तुकड्याला सरळ वाट दाखवणाऱ्या टेबलावरच्या पट्टीचा आहे. फेन्स आणि टेबल यांच्यात बारीकशी फट असते. प्लायवूडला ती कधी जाणवत नाही, पण एक मिलिमीटर पत्रा तिच्यात सरळ घुसतो, तिरका होतो आणि पात्यात अडकतो. फेन्सला टेबलाला घट्ट टेकणारी सपाट लाकडी पट्टी क्लॅम्पने लावा. सँडविच असलं तरी लावा.

दुसरं, पात्याभोवतीची रुंद फटीची थ्रोट प्लेट काढून पात्याच्या जाडीइतकीच चीर असलेली लाकडी प्लेट बसवा. ती घरी करता येते: त्याच मापाची कोरी प्लेट बसवायची, फेन्सने तिची एक बाजू दाबून धरायची आणि चालू पातं हळूहळू वर आणायचं. तिसरं, रायव्हिंग नाइफ (पात्यामागे उभी असलेली, चीर मिटू न देणारी पट्टी) जागेवर हवी आणि ती चिरीपेक्षा किंचित पातळ हवी. चौथं, लाकडाच्या भुशाचं डस्ट कलेक्टर जोडलेलं असेल तर ते सोडवा. यंत्राच्या पोटातला आणि पाइपातला भुसा साफ करा. गरम कीस आणि कोरडा भुसा एकत्र येणं चांगलं नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ हवेत मिसळली तर तिचा स्फोट होऊ शकतो.

त्वचेचा स्पर्श ओळखून पातं झटकन थांबवणारी यंत्रणा असलेल्या टेबल सॉवर आणखी एक काळजी आहे. ही यंत्रणा विजेच्या वहनावर चालते आणि पत्रा वाहक आहे. हात पत्र्याला आणि पत्रा पात्याला लागला की यंत्रणा त्याला बोट समजते, ब्रेक सुटतो आणि पातं आणि ब्रेक दोन्ही जातात. निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे ती यंत्रणा त्या कामापुरती बंद करून घ्यावी लागते. ती बंद असताना तुमचं बोट वाचवणारं कोणी नाही, हे लक्षात ठेवूनच हात ठेवायचे.

चष्म्यावर अवलंबून राहू नका. बाजूने बंद असलेला गॉगल आणि त्यावर फेस शील्ड हवी, कारण कीस सरळ चेहऱ्याकडे येतो आणि तो गरम असतो. कानांना संरक्षण. बाह्या लांब पण अंगाला घट्ट. चालू पात्याजवळ हातमोजे नकोत, ते दातात अडकले तर हात ओढला जातो. पत्रा उचलताना मात्र हातमोजे घालाच.

आता काप:

1. पातं सँडविचच्या वर 6 मिमी येईल इतकं उचला. कापाच्या रेषेवर, आणि पातं स्थिर असताना दातांच्या दोन्ही बाजूंना, मेण घासा.

2. यंत्र सुरू करून पातं पूर्ण वेगात येऊ द्या. पात्याच्या थेट मागे उभं राहू नका, किंचित बाजूला राहा.

3. पहिले 20 मिमी अगदी हळू. पात्याने धातूत प्रवेश केला की आवाज बदलतो. तो एकसारखा झाला की वेग वाढवा आणि तोच शेवटपर्यंत ठेवा. एक मीटर काप 30 ते 40 सेकंदांत व्हावा, असा अंदाज धरा.

4. मध्ये थांबू नका. भीतीने थांबलात किंवा फारच हळू ढकललंत, तर दात कापण्याऐवजी घासतो, उष्णता वाढते आणि अ‍ॅल्युमिनियम दातावर चिकटतं. या कामात जोराने ढकलण्याइतकंच फार सावकाश ढकलणंही वाईट.

5. शेवटचे 150 मिमी पुश ब्लॉकने (मुठीच्या ठोकळ्याने) ढकला, एक ब्लॉक वरून दाबणारा आणि एक मागून ढकलणारा. दोन्ही तुकडे पात्याच्या पलीकडे पूर्ण गेल्यावर यंत्र बंद करा आणि पातं थांबल्यावरच तुकडे उचला.

50 मिमीपेक्षा अरुंद पट्टी हवी असेल तर ती फेन्स आणि पातं यांच्या मध्ये ठेवू नका. रुंद भाग फेन्सकडे ठेवा, अरुंद पट्टी बाहेरच्या बाजूला पडू द्या, आणि प्रत्येक कापाआधी फेन्स नव्याने मोजून लावा. वेळ लागतो, पण अरुंद पट्टी पात्याच्या बाजूला अडकून मागे फेकली जाण्याचा धोका टळतो.

इतर यंत्रकरवती

मोठा पत्रा टेबल सॉवर सांभाळण्यापेक्षा तो जमिनीवर जाड फोमच्या किंवा टाकाऊ प्लायवूडच्या तक्त्यावर पसरून सर्क्युलर सॉने (हातात धरायच्या चकतीच्या करवतीने) कापणं सोपं जातं. खाली आधार पूर्ण असल्याने वरचा थर पातळ चालतो, आणि मार्गदर्शक म्हणून सरळ पट्टी क्लॅम्पने लावायची. पात्याची खोली पत्र्याच्या खाली 5 मिमी. इथे दात खालून वर येतात, त्यामुळे काटे वरच्या बाजूला निघतात. टेबल सॉवर ते खाली निघतात. म्हणून पत्र्याची चांगली बाजू सर्क्युलर सॉला खाली, टेबल सॉला वर.

जिगसॉ, म्हणजे अरुंद पातं वर-खाली होणारी हातातली यंत्रकरवत, वळणांसाठी. धातूचं पातं घ्या, दात 1.1 ते 1.5 मिमी अंतराचे, एक मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्याला 0.7 मिमीचे. ऑर्बिटल हालचाल (पात्याचं पुढे-मागे झुलणं) शून्यावर आणा, वेग मध्यम ठेवा. करवतीचा बूट, म्हणजे तिची खालची सपाट पाटी, पत्र्यावर ओरखडे काढतो, त्याला मास्किंग टेप लावा. जिगसॉ वर जाताना कापते आणि पत्रा सोबत उचलायला बघते. त्यामुळे इथे वरच्या थरापेक्षा खालचा आधार आणि क्लॅम्प जवळ असणं महत्त्वाचं. क्लॅम्प कापापासून 100 मिमीच्या आत हवेत आणि काप पुढे सरकेल तसे तेही सरकवावेत. आतली खिडकी कापायची असेल तर आधी कोपऱ्यांत भोकं पाडून पातं त्यातून घाला.

बँड सॉ ही या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत समंजस. लाकडाच्या बँड सॉचं पातं मिनिटाला 900 मीटरच्या आसपास धावतं, आणि दातांचा जोर सतत खाली टेबलाकडे असतो, त्यामुळे मागे फेकलं जाण्याची भीती नाही. बायमेटल (दोन धातू जोडून केलेलं) पातं, 2 मिमी पत्र्याला इंचाला 18-24 दात, खाली 6 मिमी प्लायवूड. वरचा मार्गदर्शक पत्र्यापासून 5-6 मिमीवर आणा. काम झाल्यावर चाकांवरचे रबरी टायर ब्रशने साफ करायचेच. कीस रबरात रुतून बसला की पुढचं लाकडाचं पातं हेलकावे खात धावतं आणि त्याचं कारण शोधण्यात दिवस जातो.

मायटर सॉवर पत्रा कापणं टाळा. पातं वरून खाली येताना पत्र्याची कड पकडून उचलतं आणि टेबलाच्या मधल्या फटीत खेचतं.

हातकरवत

बारीक दातांची, पाठीवर पट्टी असलेली करवत सँडविचमध्ये 1-2 मिमी अ‍ॅल्युमिनियम कापते. इंचाला 14 किंवा जास्त दात आणि दात उभ्या कापासाठी, म्हणजे पटाशीसारखे सपाट, घासलेले असावेत. पत्र्याशी करवत अगदी पसरट कोनात धरा. कोन जितका पसरट, तितके जास्त दात एका वेळी धातूत. कडक केलेल्या काळसर टोकांच्या दातांना पुन्हा कानस लागत नाही, म्हणून बोथट झाल्यावर ती करवत गेली असं समजा. दात घासता येणारी जुनी करवत असेल तर ती या कामासाठी राखून ठेवा. ओढून कापणाऱ्या जपानी करवतीने धातू कापू नका. तिचे लांब, ठिसूळ दात पहिल्याच अडकणीत तुटतात.

नक्षी, अक्षरं, बारीक वळणं यांसाठी फ्रेट सॉ, म्हणजे चौकटीत ताणलेल्या बारीक पात्याची करवत. सोनाराची पाती साधारण 130 मिमी लांब असतात आणि बिनपिनेच्या पात्यांच्या फ्रेट सॉमध्ये किंवा तिच्या यंत्ररूपात, स्क्रोल सॉमध्ये, बसतात. 0.6-0.8 मिमी पितळाला 2/0 क्रमांकाचं पातं, जाड पत्र्याला 0 किंवा 1. दात मुठीकडे तोंड करून बसवा, म्हणजे ओढताना कापेल. पातं इतकं ताणा की नखाने टिचकी मारली तर खणखणीत आवाज यावा. चौकट उभी धरा, पुढे दाब न देता फक्त वर-खाली करा. वळताना जागच्या जागी करवत हलवत पत्रा फिरवायचा. पातं वळवायला गेलात की ते तुटतं. तुटणार ते तुटणारच, डझनभर पाती जवळ ठेवा. स्क्रोल सॉ वापरत असाल तर सर्वांत कमी वेगावर.

वंगण

सर्वांत सोयीचं वंगण मेण: मेणबत्ती, पॅराफिन किंवा मधमाश्यांचं. ते लाकडाला डाग पाडत नाही, उडत नाही, पेटत्या वाफा सोडत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर केरोसीन चांगलं चालतं हे खरं, पण ते हातकरवतीपुरतंच. मोटरच्या आतल्या कार्बन ब्रशमध्ये ठिणगी पडते, तिथे केरोसीन किंवा स्पिरिट नको. पितळ कोरडंही कापलं जातं. तांब्याला मात्र दर 200 मिमीला मेण हवंच.

बिघाड ओळखताना

कर्कश थडथड येत असेल तर पत्रा कुठेतरी सुटा आहे किंवा दात फार विरळ आहेत. पुढे ढकलत राहू नका, यंत्र बंद करून सँडविच तपासा. कडेवर जाड, गुंडाळलेले काटे येत असतील तर दात बोथट झालेत किंवा काटे निघणाऱ्या बाजूचा थर पत्र्याला नीट चिकटलेला नाही. कापाच्या बाजूला चंदेरी लेपासारखा थर दिसला तर अ‍ॅल्युमिनियम वितळून पुन्हा चिकटलंय, म्हणजे मेण कमी पडलं किंवा ढकलणं फार सावकाश झालं. अशा वेळी पातं काढा, दातांवरचा लेप पितळी ब्रशने आणि लाकडी काडीने काढा. कार्बाइडवर फिरतं तारेचं चाक लावू नका, टोकं तुटतात.

काप सरळ सुरू होऊन हळूहळू बाहेर जात असेल तर फेन्स पात्याला समांतर नाही. लाकडात हे खपून जातं, लाकूड थोडं वाकून घेतं. धातू वाकत नाही, तो पात्याच्या मागच्या दातांना घासतो, जळका वास येतो आणि पातं निळसर पडतं. निळं पडलेलं पातं पुन्हा वापरू नका.

कड आणि कीस

ताज्या कापलेल्या कडेला बोट लावू नका, ती ब्लेडसारखी असते. बारीक, एकेरी दातांची कानस कडेवर आडवी धरून कडेच्या लांबीच्या दिशेने ओढा, काटे आणि करवतीच्या खुणा दोन्ही जातात. कानशीत आधी खडू घासला तर अ‍ॅल्युमिनियम दातांत अडकत नाही. मग दोन्ही कोपरे 45 अंशांत एक-दोन फेऱ्यांत मोडा. शेवटी लाकडी ठोकळ्यावर 240 आणि 400 चा पॉलिश पेपर. कड अगदी सरळ हवी असेल तर सँडविच उघडण्याआधीच कानस मारा. दोन्ही बाजूंचं लाकूड कानशीला सपाट ठेवतं.

कीस हवेच्या झोताने उडवू नका, तो डोळ्यात आणि मोटरच्या जाळ्यांत जातो. ब्रशने एकत्र करा, उरलेला व्हॅक्यूमने ओढा, आणि त्या व्हॅक्यूमच्या टाकीतून लाकडाचा भुसा आधीच रिकामा केलेला असू द्या. जिगसॉ आणि सर्क्युलर सॉच्या हवेच्या जाळ्या प्लग काढून स्वतंत्र साफ करा. धातूचा कीस विजेचा वाहक आहे, मोटरच्या वेटोळ्यात साचला तर शॉर्ट करतो. टेबल, फेन्स आणि थ्रोट प्लेट पुसून घ्या. कामाच्या बाकावर राहिलेला एक कण पुढच्या आठवड्यात पॉलिश करायच्या लाकडाखाली जातो आणि अख्ख्या फळीवर ओरखडा काढतो.